भुईकोट बांधताना: स्ट्राँगहोल्ड क्रूसेडरमध्ये बेळगावचा किल्ला

दिवाळी तोंडावर आली की शहापूर, वडगाव, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, सगळीकडे अंगणात तांबड्या मातीचे ढीग पडतात. पोती, विटांचे तुकडे, फुटकी कौलं आणि वरून मातीचा लेप. अळीव पेरला की चार-पाच दिवसांत हिरवळ. किल्ले बहुतेक डोंगरी: रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा. दारातला भुईकोट क्वचितच दिसतो. सपाट किल्ल्यावर मावळे चढवणार कुठे?

तीच सवय घेऊन माणूस स्ट्राँगहोल्ड क्रूसेडर हा किल्ले बांधायचा संगणकावरचा गेम उघडतो. सगळ्यात उंच जागा शोधतो, भोवती तट घालतो, बुरूज ठोकतो आणि शत्रू यायच्या आधीच त्याची रयत उपाशी पडून गाव सोडून जाते. फायरफ्लाय स्टुडिओज या ब्रिटिश कंपनीने पहिला स्ट्राँगहोल्ड २००१ साली काढला आणि वाळवंटातला क्रूसेडर २००२ साली. मागाहून एचडी आवृत्ती आली, २०२५ साली डेफिनिटिव्ह एडिशनही आली. चित्रं बदलली, हिशेब तोच राहिला. दिसायला लढाईचा, पण आतून हा गेम लाकूड, धान्य आणि चालण्याच्या अंतराचा आहे. म्हणून तो डोंगरी गडाला साथ देत नाही, सपाटीवरच्या भुईकोटाला देतो. आणि भुईकोट म्हटला की आमच्याकडे लांब जावं लागत नाही. मध्यवर्ती बसस्थानकाच्या पलीकडे तळं, तळ्याशेजारी खंदक, खंदकामागे तट.

हा किल्ला रट्ट राजघराण्याच्या अमलातला. बिचिराजाने १२०४ साली बांधला असं सांगतात, आतली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, हीही त्याच काळातली. आकार साधारण लंबगोल, भोवती रुंद खोल खंदक आणि तो तांबड्या मऊ दगडात खोदलेला. मुख्य दरवाज्यापाशी गणपती आणि दुर्गा. आज मधून रस्ता जातो, बराच भाग लष्कराकडे आहे. पण तटाची रेघ चालत फिरून बघता येते. गेममध्ये उतरवायला एवढं पुरतं.

जमीन

मॅप एडिटरमध्ये, म्हणजे नकाशा बनवायच्या साधनात, चौरस नकाशाची चार मापं मिळतात: एका बाजूला १६०, २००, ३०० किंवा ४०० चौकटी. ४०० घ्यायचा मोह होतो, घेऊ नये. मोठ्या नकाशावर किल्ला हरवतो आणि दगड आणणारे बैल अर्धा दिवस वाटेतच दिसतात. आम्ही २०० घेतला. मध्ये सपाट मैदान, एका अंगाला तळ्यासाठी पाणी, आणि बाकीच्या तीन दिशांना दगड, लोखंड आणि झाडी.

क्रूसेडरमध्ये शेती कुठेही होत नाही. फक्त हिरव्या गवताच्या पट्ट्यावर, म्हणजे ओअॅसिसवर. वाळूत बाग लावायला गेलात की जागा लाल होते. हा पट्टा कुठे ठेवायचा यावर पुढचं सगळं ठरतं. आम्ही पहिल्यांदा तो तटाबाहेर ठेवला, कारण खऱ्या किल्ल्याबाहेरही शेतंच होती. चूक. शत्रू जवळ आला की दरवाजा आपोआप मिटतो, शेतकरी बाहेर अडकतात आणि कापले जातात. त्यानंतर दरवाजा उघडला तरी सफरचंदं आणायला माणूस नसतो. दुसऱ्या खेपेला अर्धा पट्टा तटाच्या आत घेतला: आत तीन बागा आणि एक गायींचा गोठा, गव्हाची शेतं बाहेर. वेढा पडला तर पाव जातो, सफरचंद आणि चीज राहतं.

लंबगोल तटाचं एक गणित असतं. गेमची जमीन चौकटींची आहे, त्यामुळे वळण घेतलं की भिंत पायऱ्या पायऱ्यांनी जाते. गोल काढायचा हट्ट सोडून अष्टकोन काढावा. चार बाजू लांब, चार आखूड. लांबून तो बेळगावच्या किल्ल्यासारखाच दिसतो. प्रत्येक कोनावर बुरूज ठेवला की पायऱ्यांची तोंडं बुरुजात लपतात आणि सांधे पक्के होतात.

पहिली नव्वद लाकडं

सुरुवातीचा साठा कीपजवळच असतो. कीप म्हणजे आपला बालेकिल्ला, त्याच्या डोक्यावर तुमचा सरदार. सरदार मेला की खेळ संपला, मग खजिन्यात कितीही सोनं असो. साठ्याला नवा चौक जोडायचा तर तो जुन्याला चिकटूनच जोडावा लागतो, आणि धान्याच्या कोठाराचंही तसंच. पहिलं कोठार कसंतरी ठेवलं तर पुढे वाढायला जागाच उरत नाही. कोठाराच्या दोन बाजू मोकळ्या ठेवा.

आमची सुरुवात अशी. सहा लाकूडतोडे, प्रत्येकी ३ लाकडं: १८. कोठार ५. सफरचंदाच्या तीन बागा, प्रत्येकी ५: १५. दोन झोपड्या, प्रत्येकी ६: १२. दगडाची खाण २०. बैलाचे तीन दावण, प्रत्येकी ५: १५. बाजार ५. बेरीज ९०. कामाला माणसं लागतात ती अशी: सहा लाकूडतोडे, तीन बागवान, खाणीत तीन, बैलांमागे तीन. म्हणजे पंधरा. एका झोपडीत ८ जण राहतात. रिकामी माणसं शेकोटीभोवती बसतात. झोपडी टाकायला उशीर झाला की तिथे एकही माणूस दिसत नाही आणि नवी खाण रिकामी पडते.

नवखा माणूस आधी तट घालतो. तट घालायला दगड लागतो, दगड काढायला खाण लागते, खाणीला लाकूड लागतं, आणि लाकूड साठ्यात शून्य. कानात तोच पुकारा: लाकूड हवं. आमच्या भाषेत, लाकूड सरलंय की रे. तेवढ्यासाठी बाजारात जाऊन ५ लाकडं २० सोन्याला घ्यावी लागतात. विकायला गेलात तर त्याच पाच लाकडांचे ५ सोनं मिळतं. लाकूड कधीही विकू नये, एवढं एक सूत्र पाठ केलं तरी अर्धा खेळ जमतो.

लाकूडतोड्याचं घर झाडांना चिकटून ठेवा, साठ्याला नाही. तो झाडापाशी जातो, तोडतो, घरी येऊन फळ्या पाडतो, मग साठ्याकडे जातो. घर साठ्याजवळ असलं तर झाडापर्यंतचा फेरा लांबतो. जवळची झाडं संपली की तोच माणूस नकाशाच्या टोकाला चालत जातो आणि साठ्यात काही येत नाही. आकडा कमी झाला म्हणून लोक आणखी लाकूडतोडे टाकतात, तेही तसेच चालत बसतात. त्यापेक्षा जुनं घर पाडून झाडीजवळ नवं घालावं. तीन लाकडं गेली तरी फायदाच आहे.

खाणीचंही असंच. खाण दगड काढते, पण तो साठ्यात बैल आणतात. एका खाणीला एकच बैल ठेवला की खाणीसमोर दगडांचा ढीग वाढत जातो आणि साठ्यात आकडा हलत नाही. दोन बैल किमान, अंतर जास्त असलं तर तीन. दावण खाणीपाशी बांधा.

रयत राजी, मग तट

लोकप्रियतेचा काटा पन्नासच्या खाली गेला की माणसं निघून जायला लागतात. हा काटा समजून घेतला नाही तर उरलेलं सगळं वाया.

रेशन: काहीच न देता उणे ८, अर्धं दिलं तर उणे ४, पूर्ण दिलं तर शून्य, दीडपट दिलं तर अधिक ४, दुप्पट दिलं तर अधिक ८. अन्नाचे प्रकार चार: सफरचंद, चीज, मांस, पाव. दुसरा प्रकार आला की अधिक १, तिसरा आला की अधिक २, चौथा आला की अधिक ३. कर घेतला नाही तर अधिक १, हलका कर उणे २, त्यापुढे प्रत्येक पायरीला उणे ४, उणे ६, उणे ८. म्हणजे दुप्पट रेशन दिलं तर उणे ८ चा कर चालून जातो, पण कोठार दुप्पट वेगाने रिकामं होतं. सफरचंदावर ही गंमत करू नये. पाव हवा.

पावाची साखळी लांब आहे: गव्हाचं शेत १५ लाकडं, पिठाची गिरणी २० लाकडं आणि तीन माणसं, बेकरी १० लाकडं. पण एका पिठाच्या पोत्यातून बेकरी आठ पाव काढते. माणसामागे अन्न मोजलं तर यापुढे दुसरं काही टिकत नाही. एक गिरणी कितीतरी बेकऱ्यांना पुरते. लोक मात्र प्रत्येक बेकरीमागे एक गिरणी घालतात आणि सहा माणसं फुकट बसवतात. आधी दोन शेतं, एक गिरणी आणि दोन बेकऱ्या. पिठाचा साठा वाढताना दिसला तरच तिसरी बेकरी. बेकरी कोठारासमोर, गिरणी साठ्यासमोर.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. दारू: हॉप्सचं (बिअरसाठी लागणाऱ्या फुलांचं) शेत, भट्टी आणि गुत्ता (गुत्त्याला २० लाकडं आणि १०० सोनं). सगळ्या वस्तीला पुरली तर अधिक ८ पर्यंत जातं. आणि चर्च, त्याचाही असाच हिशेब. बेळगावच्या किल्ल्यात चर्च कशाला, असा प्रश्न येतो. पण हा गेम क्रुसेडचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांचा आहे, त्यात बस्ती मिळत नाही. आम्ही कमल बस्तीच्या जागी चर्च ठेवलं आणि पुढे गेलो.

भीतीचा काटा वेगळाच आहे. बागबगिचे, मेपोल (सणाला भोवती नाचायचा खांब) ठेवले की रयत खूश होते, पण कामात ढिली पडते, सैनिक मात्र त्वेषाने लढतात. फाशीचे खांब, खोडे ठेवले की काम भराभर होतं, रयत रुसते, सैनिकांचं बळ घटतं. दोन्हीकडे पाच-पाच पायऱ्या आहेत. बांधकाम चालू असताना फाशीचे खांब, वेढा दिसायला लागला की ते पाडून बगिचे, हा उलटफेर आम्हाला सगळ्यात किफायतशीर वाटला. दिवाळीच्या किल्ल्यात फाशीचा खांब कुणी ठेवत नाही, इथे मात्र तो अर्थशास्त्राचा भाग आहे.

खंदक

बेळगावच्या किल्ल्याची ओळख खंदक आहे, आणि गेममध्येही भुईकोटाचा प्राण खंदकच. तटाआधी खंदक खणावा, हे आमचं ठाम मत. त्याला दगड लागत नाही, फक्त माणसं लागतात.

खणणारे कोण? भालाईत, तिरंदाज, पाइकवाले खणतात. आडधनुष्यवाले, तलवारबाज आणि नाईट हातात फावडं धरत नाहीत. सगळ्यात स्वस्त मजूर म्हणजे मर्सिनरी पोस्टातले (भाडोत्री सैनिकांच्या चौकीतले) गुलाम: माणशी ५ सोनं, हत्यार लागत नाही. पोस्टला १० लाकडं. वीस गुलाम म्हणजे १०० सोनं. प्रत्येक शिपाई शेकोटीजवळच्या रिकाम्या माणसातून निघतो, म्हणून वीस गुलाम एकदम काढायला गेलात आणि शेकोटीला सात जण असले तर सातच निघतात. झोपड्या आधी. खंदक झाल्यावर डिसबँड केलं, म्हणजे फौजेतून मोकळं केलं, की हेच गुलाम परत रयतेत जातात आणि बेकरीत कामाला लागतात. १०० सोन्यात खंदक झाला आणि वर वीस मजूर मिळाले.

आता क्रम, कारण इथे हमखास फसगत होते. आधी दरवाजा उभा करा. मोठा दरवाजा २० दगड, लहान १०. मग त्याला उचलता पूल जोडा, १० लाकडं. त्यानंतरच खंदकाची आखणी करा. पूल विसरून खंदकाची कडी पूर्ण केली तर आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. खाण बाहेर, बैल बाहेर, साठा आत. आम्ही एकदा असंच केलं आणि दगडाचा आकडा गोठला. कारण सापडायला वेळ लागला, कारण दृश्य फिरवल्याशिवाय पूल नाही हे दिसतच नव्हतं. नकाशा चारही दिशांना फिरतो आणि स्पेसबार दाबला की इमारती आणि डोंगर जमिनीसपाट दिसतात. या दोन बटणांशिवाय भुईकोट बांधू नये. बुरुजामागे लपलेलं एका चौकटीचं भोक शत्रू शोधतो, आपण शोधत नाही.

रुंदी? पहिल्यांदा दोन चौकटी ठेवल्या. बुजवायला शत्रूला फार वेळ लागला नाही. पाच चौकटी ठेवल्या तेव्हा बुजवणारे तिरंदाजांच्या टप्प्यात इतका वेळ अडकले की त्यांचेच मुडदे पडले. खंदक आणि तटाच्या मध्ये जागा सोडू नका. जागा सोडली की खंदक बुजवल्यावर शत्रूला उभं राहायला ओटा मिळतो. तट आणि पाणी एकमेकांना टेकलेले हवेत.

खंदकाचा खरा गुण वेगळा. भुयार खणणारे खंदकाखालून जाऊ शकत नाहीत. बेळगावकरांना ही गोष्ट आणखी लागू पडते. १४७३ साली बहमनींचा वजीर महमूद गवान याने या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा खंदकाने त्याला अडवलं, आणि शेवटी सुरुंगाने तट फोडून त्याने किल्ला घेतला. दख्खनमध्ये सुरुंगाचा असा वापर पहिल्यांदा याच वेढ्यात झाला असं मानतात. गेममध्येही क्रम हाच राहतो: आधी खंदक भर, मग भुयार. खंदक मोडला नाही तर भुयारवाल्यांना काही काम नाही.

तट, बुरूज, दगडाचा हिशेब

अष्टकोनाला आठ बुरूज. सगळे गोल बुरूज ठेवले तर प्रत्येकी ४० दगड, म्हणजे ३२०. इतकी उधळण नको. दरवाज्याच्या बाजूच्या चार कोनांवर गोल बुरूज, १६०. मागच्या चार कोनांवर डिफेन्स टरेट, म्हणजे लहान बुरूज, प्रत्येकी १५, म्हणजे ६०. एक मोठा दरवाजा २०, मागचा लहान दरवाजा १०, सैनिकांची बॅरॅक १५. एकूण २६५, भिंत वेगळी. बाजारात ५ दगड ७० सोन्याला मिळतात, त्यामुळे हेच सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर ५३ वेळा बटण दाबून ३,७१० सोनं. म्हणून खाणी दोन हव्यात, आणि तातडी असेल तरच दगड विकत घ्यावा. लोखंड मात्र विकायला चांगलं: ५ नगांना ११५ सोनं. एक लोखंडी खाण, २० लाकडं आणि दोन माणसं. कराशिवायचं उत्पन्न हेच.

गोल बुरूज का? बॅलिस्टा (मोठे बाण मारणारं यंत्र) आणि मॅन्गोनेल (दगड फेकणारं यंत्र) फक्त चौकोनी आणि गोल बुरुजावर बसतात. चौकोनी बुरूज ३५ दगडांचा. पाच दगड वाचवायला लोक तो घेतात, पण गोल बुरूज जास्त मार सोसतो. मागच्या अंगाला, तळ्याकडे, एवढा खर्च लागत नाही, तिथून शत्रू येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं.

तटावर चढायला जिना लागतो, नाहीतर दरवाज्यातून वर जाता येतं. जिने विसरले तर तिरंदाज खाली फिरत राहतात आणि वरती कुणी नसतं. प्रत्येक बाजूच्या मधोमध एक जिना, बुरुजापासून दूर. बुरूज पडला की जवळचा जिनाही जातो. चर्या, म्हणजे वर दातेरी कठडा असलेली भिंत घ्या, साधी नको: चर्यांआड तिरंदाज बाण कमी खातो. खऱ्या किल्ल्यात चर्या, जंग्या (मारा करायची भोकं), फांजी (तटावरची चालायची वाट) अशी सगळी मांडणी असते, इथे गेम फक्त चर्या देतो. जंग्या शोधत बसू नये.

तिरंदाजांत दोन वाटा. बॅरॅकमधला तिरंदाज १२ सोन्याला, पण त्याला एक धनुष्य लागतं. धनुष्य फ्लेचर, म्हणजे धनुष्य बनवणारा कारागीर, २ लाकडांत बनवतो, किंवा बाजारातून घ्यावं लागतं. मर्सिनरी पोस्टातला अरबी तिरंदाज ७५ सोन्याला, धनुष्यासकट, ताबडतोब. सुरुवातीला चार-पाच अरबी तिरंदाज घ्या, तोवर फ्लेचर काम करू दे. फ्लेचरचं दुकान १०० सोनं आणि २० लाकडांचं आहे. आडधनुष्यालाच ३ लाकडं लागतात आणि आडधनुष्यवाला २० सोन्याचा. मोठ्या चिलखती लोकांवर तोच चालतो, तिरंदाज फक्त गुदगुल्या करतो.

बुरुजावर पेटती शेगडी ठेवा. शेगडीजवळचे तिरंदाज पेटते बाण सोडतात, आणि खंदकाच्या बाहेर डांबराचा चर आखला असेल तर तो पेटतो. डांबर काढायची रिग २० लाकडांची. पण चर तटाला लागून आखू नका. पेटलेली आग माणूस बघत नाही, तुमचा की शत्रूचा.

वेढा

किल्ला खरोखर टिकतो का ते संगणकाच्या सरदारांवर बघण्यात अर्थ नाही. उंदीर म्हणजे रॅट वगैरे सरदार ठरलेल्या पद्धतीने येतात. लॅनवर दोन संगणक जोडले, एकाने आत राहायचं, एकाने बाहेर. खऱ्या चुका तेव्हाच बाहेर पडतात.

बाहेरच्याने इंजिनिअर काढले, माणशी ३० सोनं. ट्रेब्युशे म्हणजे मोठी गोफण, १५० सोनं आणि तीन इंजिनिअर. एकदा उभी केली की हलत नाही, म्हणून जागा चुकली तर १५० सोनं वाया. कॅटपल्ट १५० सोन्यालाच, दोन इंजिनिअर, हलतो पण टप्पा कमी. दोन्हींचे दगड संपतात आणि आपल्याच साठ्यातून भरावे लागतात. बाहेरचा हे विसरला आणि अर्ध्या वेढ्यात गोफण गप्प बसली. ढालगाडी फक्त ५ सोनं आणि एक इंजिनिअर. खंदक बुजवणाऱ्या गुलामांपुढे चार ढालगाड्या लावल्या की चित्र पालटतं.

पहिल्या वेढ्यात किल्ला पडला. तो तटामुळे नाही, आगीमुळे. आत लाकडी झोपड्या दाटीने, विहीर एकच आणि तीही कीपजवळ. मशाली घेतलेले गुलाम मागच्या लहान दरवाज्यातून घुसले, कारण दरवाजा काबीज केला की तो त्यांचा झाला. दरवाज्यावर माणूस ठेवलाच नव्हता. दोन मिनिटांत बेकऱ्या गेल्या, मग गिरणी गेली, पाठोपाठ कोठार. रयत उपाशी, काटा पन्नासच्या खाली. सैनिकांना मात्र काही होत नाही, कारण या गेममध्ये शिपाई जेवत नाही. खऱ्या वेढ्यात शिबंदीच आधी उपाशी पडायची. इथे शिबंदी धडधाकट आणि शेतकरी पळालेले, असा उलटा प्रकार. आम्हाला गेमची ही एक गोष्ट पटत नाही, पण तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं: वेढ्यात कोठार संपलं तरी भिंतीवरची माणसं राहतात, फक्त नवी भरती बंद होते.

दुसऱ्या वेढ्यासाठी मागचा लहान दरवाजा काढून टाकला. १८१८ साली इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने पेशव्यांची शिबंदी असलेला हाच किल्ला तोफांनी घेतला, दोन दरवाज्यांनी त्या शिबंदीला काही सोय झाली नाही. आमच्या अष्टकोनाला एकच मोठा दरवाजा पुरतो. झोपड्या चार-चारच्या गटात, मध्ये मोकळी गल्ली, प्रत्येक गटाजवळ विहीर. कोठाराला लागून काहीही लाकडी नाही. बेकऱ्या कोठारासमोर असाव्यात हे वर सांगितलं, पण मधली एक गल्ली सोडून. चालायला दोन पावलं जास्त, आग मात्र थांबते.

खंदकावर लक्ष ठेवायला वेळ नसतो, म्हणून गोल बुरुजांवरची मॅन्गोनेल बुजवायच्या जागेकडे तोंड करून ठेवली. दोन बुरुजांच्या मधल्या लांब बाजूला शत्रू येतो, कारण तिथे बुरुजापासून लांब पडतं. तिथेच उकळत्या तेलाची भांडी घेतलेले इंजिनिअर तटावर. तेलासाठी स्मेल्टर, म्हणजे तेल उकळायची भट्टी लागते आणि तिला डांबराचा पुरवठा. भांडं रिकामं झालं की इंजिनिअर खाली उतरून स्मेल्टरकडे जातो, त्यामुळे स्मेल्टर तटाजवळ, जिन्याला लागून. आमच्या पहिल्या आराखड्यात तो कीपमागे होता. तेवढ्या अंतरात शिड्या लागल्या होत्या.

दुसऱ्या वेढ्यात बाहेरच्याने गवानचीच चाल केली. खंदकाच्या एका जागेवर सगळे गुलाम, मागे ढालगाड्या, त्यामागे भुयारवाले. गुलाम पडत गेले, पण पाच चौकटींपैकी चार भरल्या. पाचवी चौकट मात्र तटाला टेकलेली होती, तिच्यावर बरोबर तेल पडत होतं. तिथे त्याचे साठ गुलाम गेले, ३०० सोनं. भुयारवाले खंदकाबाहेरच थांबून राहिले.

त्याचा मग ट्रेब्युशेवर भर. दरवाज्याशेजारचा एक गोल बुरूज कोसळला आणि त्याच्यासोबत भिंतीचा सांधाही उघडा पडला. पडलेल्या जागी वेढ्यातच नवा बुरूज टाकायचा तर शत्रू जवळ असताना बांधकाम होत नाही. म्हणून साठ्यात ४० दगड आणि हातात मोकळा श्वास, दोन्ही एकाच वेळी लागतात. आम्ही आतल्या बाजूने आधीच दुसरी बुटकी भिंत घालून ठेवली होती, फक्त दरवाज्याच्या पट्ट्यात. तिच्याआडच्या तिरंदाजांनी भगदाडातून येणाऱ्यांना अडवलं. सगळ्या किल्ल्याला दुहेरी तट घालणं दगडाने झेपत नाही, तेवढ्याच एका पट्ट्याला झेपतं.

पुढच्या खेपेला येळ्ळूरगड, बेळगावजवळचा डोंगरी किल्ला, उभा करून बघायचं ठरलं. वर सपाटी कमी, उतारावर इमारत बसत नाही, आणि खाण, लोखंड, डांबर सगळं पायथ्याला. बैल चढ चढतात, पण एकेका फेरीला इतका वेळ लागतो की दोन खाणींवर पाच बैल बांधूनही साठा हलत नाही. शेवटी वर फक्त कीप, कोठार आणि चार बुरूज ठेवले, आणि बाकीचं सगळं खाली, बाजारातून दगड विकत घेऊन.

लोखंड विकायचं, दगड घ्यायचा. ५ लोखंडाचे ११५, ५ दगडांना ७०.